भाड्यापासून उलटं मोजत या: ना-नफा संस्थांच्या घरांना जमीन आणि पैसा कुठून मिळतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यासाकडे शहराच्या हद्दीलगत अडीच एकर जागा आहे. घरकामगार, सुरक्षारक्षक, लहान कारखान्यांतले कामगार यांच्या कुटुंबांसाठी तिथे कमी भाड्याची घरं बांधावीत असं विश्वस्तांना वाटतं. इंग्लंडमधल्या ना-नफा संस्था हे काम दीडशे वर्षं करत आल्या आहेत, तर त्यांना जमीन आणि पैसा मिळतो कुठून, आणि त्यातलं आपल्याला काय घेता येईल?

मी एकोणीस वर्षं इंग्लंडमधल्या अशाच एका संस्थेच्या डेव्हलपमेंट विभागात काम केलं. जमीन शोधणं, हिशेब मांडणं, कर्ज उभं करणं हेच रोजचं काम होतं. म्हणून उत्तर लांबलंय.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. तिथली ‘हाउसिंग असोसिएशन’ म्हणजे आपली हाउसिंग सोसायटी नव्हे. सोसायटीत राहणारेच सभासद आणि तेच मालक असतात. असोसिएशनमध्ये घर कायम संस्थेच्या मालकीचं राहतं आणि राहणारा भाडेकरू असतो. शिल्लक उरली तर ती कुणाला लाभांश म्हणून वाटली जात नाही, पुन्हा घरांतच जाते. हा फरक किरकोळ वाटेल, पण पैशाचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

हे गणित बिल्डरच्या उलट दिशेनं चालतं. बिल्डर विक्रीच्या दरापासून मागे येतो. आम्ही भाड्यापासून मागे येत असू. या कुटुंबाला महिन्याला किती परवडेल, त्या भाड्यातून किती कर्ज फिटेल, आणि घराची किंमत त्या कर्जापेक्षा किती जास्त आहे, या क्रमानं. शेवटी जी तूट राहते ती भरायला अनुदान लागतं. नवीन माणसं सुरुवातच ‘अनुदान किती मिळेल’ इथून करतात आणि तिथेच अडकतात.

एक हिशेब मांडते. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण साधारण तसेच असतात. समजा, दोन खोल्यांच्या घराचं भाडं आठवड्याला १२५ पौंड, म्हणजे वर्षाला ६,५००. त्यातून डागडुजी, व्यवस्थापन, रिकाम्या राहिलेल्या घरांचा तोटा, आणि वीस-पंचवीस वर्षांनी छप्पर-खिडक्या बदलायला बाजूला ठेवायची रक्कम, असे २,००० वजा करा. उरले ४,५००. व्याज साडेपाच टक्के, मुदत ४५ वर्षं आणि भाडं दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढणार असं धरलं, तर या ४,५०० वर सुमारे १ लाख १९ हजारांचं कर्ज पेलतं. बांधकाम, फी आणि बांधकामकाळातलं व्याज मिळून खर्च २ लाख २५ हजार, जमीन ६० हजार. एकूण २ लाख ८५ हजार. म्हणजे एका घरामागे तूट जवळपास १ लाख ६६ हजार. आता जमीन फुकट मिळाली असं समजा. तूट तरीही १ लाखाच्या वर राहते. ‘जमीन आपलीच आहे, मग काय प्रश्न’ असं ज्यांना वाटतं त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

याच हिशेबात दोन गोष्टी हलवून बघा. भाडं कधीच वाढणार नाही असं धरलं तर कर्जाची ताकद १ लाख १९ हजारांवरून ७५ हजारांवर येते. आणि व्याज साडेपाचऐवजी साडेतीन झालं तर ती पावणेदोन लाखांवर जाते. भाड्याचं धोरण आणि व्याजाचा दर या दोन गोष्टी जमिनीच्या किमतीइतक्याच, कित्येकदा जास्त महत्त्वाच्या असतात.

आता जमीन. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका भूखंडासाठी खुल्या बाजारात बोली लावली होती. आठ महिने आराखडे केले, स्थानिक लोकांच्या बैठका घेतल्या. निकाल लागला तेव्हा आमची बोली वरच्या बोलीच्या निम्मीसुद्धा नव्हती. माझ्या वरिष्ठांनी तेव्हा सांगितलेलं पुढे कायम उपयोगी पडलं: जिथे दुसरा बोली लावू शकतो तिथे आपण जायचंच नाही. कमी भाड्याची घरं बांधणारा बाजारात जमिनीसाठी कधीच जिंकत नाही. म्हणून जमिनीची किंमत मुळात खाली बसेल अशी जागा शोधायची.

जमिनीची किंमत तिच्यावर काय बांधायला परवानगी आहे त्यावर ठरते. इंग्लंडात शेतजमीन हेक्टरी वीस-पंचवीस हजार पौंडांना मिळते. तिलाच घरबांधणीची परवानगी मिळाली की आकडा लाखांत जातो, आणि चांगल्या ठिकाणी दहा लाखांच्याही पुढे. माती तीच, मालकाचे कष्ट तेच. मधली वाढ समाजानं दिलेल्या परवानगीची आहे. १९४६च्या न्यू टाउन्स कायद्याखाली सरकारनं जमिनी जवळपास शेतीच्या भावानं घेतल्या, म्हणून ती शहरं उभी राहिली. पुढे १९६१च्या भरपाई कायद्यानं ‘उद्या परवानगी मिळाली असती’ या आशेची किंमतही मालकाला मिळू लागली आणि जमीन महागली. २०२३च्या कायद्यानं सामाजिक, म्हणजे कमी भाड्याच्या, घरांसाठी सक्तीच्या संपादनात ती आशेची किंमत वगळायची वाट पुन्हा थोडी उघडली आहे.

खेड्यांत आम्हाला सर्वात जास्त यश आलं ते ‘रूरल एक्सेप्शन साइट’ या नियमामुळे. गावाच्या कडेची, एरवी बांधकामाला कधीच परवानगी न मिळणारी शेतजमीन. तिथे फक्त स्थानिक गरजूंसाठी कायमस्वरूपी परवडणारी घरं होणार असतील तरच परवानगी. साहजिकच बिल्डरला त्या जमिनीत रस नाही, आणि भाव शेतजमिनीपेक्षा बराच वर पण निवासी जमिनीच्या कितीतरी खाली बसतो.

नैऋत्य इंग्लंडमधल्या एका गावात आम्ही अशी दहा घरं बांधली. शेतकरी चार पिढ्यांचा. त्याच्या घरच्या टेबलावर तीन बैठका झाल्या, भावावरून अडलं. चौथ्या बैठकीत त्यानं विचारलं, ‘माझी नात इथल्या शाळेत मदतनीस आहे, पंचवीस मैलांवरून येते. तिला यातलं एक घर मिळेल का?’ थेट शब्द देता येत नव्हता, वाटप गरजेनुसारच होतं. पण गावाशी नातं असलेल्यांना प्राधान्य द्यायची अट करारात होती आणि ती त्या अटीत बसत होती. त्यानंतर भावाचा विषय पुन्हा निघाला नाही. जमीनमालकाला पैशांखेरीज काय हवं आहे हे विचारायला आम्ही तीन बैठका उशीर केला होता.

त्याच करारातल्या एका ओळीवरून मात्र बँकेशी चार महिने गेले. घरं ‘कायम’ स्थानिकांसाठीच, असं गावाला हवं. बँक म्हणते, उद्या संस्था बुडाली तर तारण विकताना ही अट उठली पाहिजे. अट उठत नसेल तर तारणाचं मूल्यांकन सामाजिक भाड्याच्या, म्हणजे सरकारी सूत्रानं ठरणाऱ्या कमी भाड्याच्या, हिशेबानं खालच्या पातळीवर होतं, उठत असेल तर भाडेकरूसह बाजारभावानं, म्हणजे बरंच वर. एका ओळीनं तेवढ्याच घरांवर मिळणारं कर्ज बदलतं. तुमच्या वकिलांना कर्जाचा मसुदा आणि जमिनीचा करार एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा.

शहरांत जमिनीचा मोठा मार्ग म्हणजे १९९०च्या नगररचना कायद्याचं कलम १०६. खासगी बिल्डरला परवानगी देताना काही टक्के घरं परवडणारी बांधायची अट घातली जाते आणि ती तयार घरं असोसिएशन कमी किमतीत विकत घेते. अट आधीपासून माहीत असली की बिल्डर जमीनमालकाला तेवढे पैसे कमी देतो, म्हणजे बोजा शेवटी जमिनीच्या किमतीवर पडतो. निदान पडायला हवा. अलीकडच्या वर्षांत तिथली जवळपास निम्मी परवडणारी घरं या वाटेनं आली. पण या वाटेचा दोष असा की बाजार चालला तरच ती चालते. २०२२पासून व्याज वाढलं, जुन्या घरांच्या दुरुस्तीचा खर्च वाढला, आणि असोसिएशन ही घरं घेईनाशा झाल्या. तयार घरांना ना-नफा खरेदीदार मिळेना, म्हणून डिसेंबर २०२४मध्ये ‘होम्स इंग्लंड’ या सरकारी संस्थेला विक्रेते आणि खरेदीदार यांची गाठ घालून देणारी सेवा सुरू करावी लागली.

तिसरी वाट सार्वजनिक जमिनीची. १९७२च्या कायद्यानुसार नगरपालिकांना जमीन चांगल्यात चांगल्या भावानंच विकावी लागते. पण २००३च्या एका सर्वसाधारण संमतीनं, लोकांचं हित साधत असेल तर २० लाख पौंडांपर्यंत कमी भावानं देता येते. आम्ही मोडक्या गॅरेजांच्या रांगा, बंद पडलेली वाचनालयं, चर्चच्या मागची रिकामी आवारं अशीच मिळवली. ही कल्पना नवी नाही. जॉर्ज पीबडी या अमेरिकन बँकरनं १८६२मध्ये लंडनच्या गरिबांच्या घरांसाठी दीड लाख पौंडांची देणगी दिली, पुढे ती पाच लाखांवर गेली. पण त्या निधीची घरं झपाट्यानं वाढली ती १८७५च्या कायद्यानंतर, जेव्हा लंडनच्या महानगर मंडळानं गलिच्छ वस्त्या पाडून मोकळ्या केलेल्या जागा खर्चाच्या खाली त्यांना दिल्या. एवढा मोठा दाता असूनही जमिनीचा तोटा शेवटी सार्वजनिक तिजोरीनंच सोसला.

व्हिएन्नानं हे जास्त नीट केलं असं माझं मत आहे. तिथे १९८४पासून शहराचा एक जमीन-निधी आहे. तो बरीच वर्षं आधी जमिनी घेऊन ठेवतो आणि ना-नफा संस्थांना स्पर्धेनं देतो, पण ती स्पर्धा किमतीची नसते. आराखडा, खर्च, पर्यावरण आणि सामाजिक मिश्रण यांवर निवड होते. २०१८मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं: मोठ्या जमिनीचं आरक्षण बदलून निवासी केलं तर दोन तृतीयांश भागावर अनुदानित घरंच हवीत, आणि त्या भागासाठी जमिनीचा भाव बांधकाम क्षेत्राच्या चौरस मीटरमागे १८८ युरोंच्या वर जाऊ शकत नाही.

अनुदानाबद्दल थोडक्यात. १९७४च्या कायद्यानं इंग्लंडात खर्चाचा फार मोठा वाटा सरकार देऊ लागलं. १९८८च्या कायद्यानं खासगी कर्ज आणलं आणि अनुदानाचा वाटा घटत गेला. २०१०मध्ये चार वर्षांसाठी साडेचार अब्ज पौंड इतकंच ठेवलं, आणि तूट भरायला बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडं घ्यायची मुभा दिली. लंडनमध्ये त्या भाड्याला ‘परवडणारं’ म्हणणं मला कधीच पटलं नाही. मी ज्यांना किल्ल्या दिल्या त्यांतल्या कित्येकांना ते पेलत नव्हतं. २०२५मध्ये मात्र दहा वर्षांसाठी ३९ अब्ज पौंडांचा कार्यक्रम जाहीर झाला आणि त्यातली किमान ६० टक्के घरं खऱ्या सामाजिक भाड्याची असावीत असं ठरलं. रकमेपेक्षा मला त्यातली ‘दहा वर्षं’ महत्त्वाची वाटतात. जमीन मिळण्यापासून किल्ली देईपर्यंत पाच-सहा वर्षं सहज जातात. तीन वर्षांच्या योजनेवर शहाणी संस्था नवी जमीन घेत नाही.

कर्जाकडे येऊ, कारण तुमच्यासाठी हाच खरा अडथळा आहे. तिथे मोठ्या असोसिएशन स्वतःचे रोखे काढतात. लहान संस्थांना ते जमत नाही, म्हणून १९८७मध्ये ‘द हाउसिंग फायनान्स कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. ती अनेक संस्थांसाठी एकत्र रोखे विकते आणि पैसा वाटून देते. घेणारे कोण? बरेचसे पेन्शन फंड आणि विमा कंपन्या. त्यांना तीस-चाळीस वर्षं ठरावीक, महागाईबरोबर वाढणारं उत्पन्न हवं असतं, आणि भाडं अगदी तसंच असतं. पण हा विश्वास सरकारच्या भाडेधोरणावर टेकलेला आहे. २०१६ ते २०२० अशी चार वर्षं सरकारनं भाडी दरवर्षी एक टक्क्यानं कमी करायला लावली. भाडेकरूंना दिलासा मिळाला हे खरं, पण आमच्या तक्त्यांत तीस वर्षांचा पाया खाली सरकला. आमच्या संस्थेनं त्या काळात तीन प्रकल्प सोडले, त्यातला एक वृद्धांसाठीचा होता. आता एप्रिल २०२६पासून दहा वर्षं महागाई अधिक एक टक्का असं वाढीचं सूत्र ठरलं आहे.

आणि ज्याबद्दल कुणी विचारत नाही तो पैसा: जुनी घरं. ज्यांचं कर्ज फिटलं त्यांचं भाडं येत राहतं, आणि नव्या घरांची तूट त्यातून भरली जाते. डेन्मार्कनं याची राष्ट्रीय व्यवस्थाच केली. १९६७पासून तिथे एक निधी आहे. कर्ज फिटल्यावरही भाडेकरू हप्त्याइतकी रक्कम भरत राहतात आणि त्यातला मोठा भाग त्या निधीत जाऊन देशभरच्या ना-नफा घरांच्या दुरुस्तीला लागतो. घर विकलं की ही गंगाजळी तिथेच आटते. इंग्लंडनं १९८०पासून नगरपालिकांची घरं भाडेकरूंना सवलतीत विकली आणि त्याची किंमत आजची पिढी मोजते आहे.

आता तुमची अडीच एकर. आपल्याकडे सामूहिक घरबांधणीची परंपरा आहेच. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरमध्ये विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक यांच्या सहकारी संस्थेनं स्वतः जमीन घेऊन ३० हजार घरांचा प्रकल्प उभा केला, त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४मध्ये दिला गेला. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण ती मालकीची घरं आहेत. बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पांतली २० टक्के घरं म्हाडाच्या सोडतीनं जातात, तीही मालकीचीच. आपली अनुदानं, कर्ज, कायदे सगळे ‘घर घेणारा’ डोळ्यांसमोर ठेवून घडलेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे, तो तुमच्या सल्लागाराकडून बारकाईनं तपासून घ्या.

तोच उलटा हिशेब रुपयांत करू. कुटुंबाला महिना ४,००० परवडतात असं धरा, वर्षाला ४८,०००. मालमत्ता कर, पाणी, डागडुजी, रिकामे महिने यांचे १४,००० गेले, उरले ३४,०००. साडेनऊ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाला यातून ३ लाखच पेलतात. साडेतीनशे चौरस फुटांचं घर, जमीन सोडून, दहा लाखांच्या आत बसवणं कठीण आहे. म्हणजे जमीन फुकट असूनही घरामागे सात लाखांची तूट. मुदत चाळीस वर्षं केली तर? कर्ज साडेतीन लाखांच्या आतच राहतं, कारण या दराला हप्त्याचा बहुतेक भाग व्याजच खातं. दर सहा टक्के झाला आणि मुदत चाळीस, तरच पाच लाखांच्या वर जातं. म्हणून देणगीदारांकडे गेलात तर भिंतीवर नाव लावायची देणगी मागण्याआधी कमी व्याजाचं, लांब मुदतीचं कर्ज मागा. मोठ्या कंपनीच्या सामाजिक निधीतून व्याजाचा फरक भरून मिळाला तर तोच रुपया अनेक घरांना पुरतो.

जागेचा कुठलाही तुकडा विकून पैसा उभारू नका. एवढा आग्रह मी धरेन. रस्त्याकडेची दुकानं आणि नोकरदार महिलांचं वसतिगृह बाजारभावानं भाड्यानं द्या आणि ते उत्पन्न घरांकडे वळवा. पहिला टप्पा सोळा किंवा वीस घरांचाच ठेवा, आणि तारण फक्त त्या टप्प्याच्या जागेचं द्या, पूर्ण अडीच एकरांचं नको. पहिल्या टप्प्याच्या भाडेवसुलीचा तीन वर्षांचा हिशेब हातात असला की दुसऱ्या टप्प्याच्या वेळी बँकेशी बोलणं सोपं होतं.

कायद्याचं एक पाऊल आधीच उचलावं लागेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत विकायला, किंवा बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची. कर्ज काढायलाही कलम ३६अ खाली मंजुरी हवी. घरांसाठी वेगळी कलम ८ची, म्हणजे ना-नफा, कंपनी काढून तिला जागा दीर्घ मुदतीनं द्यायचा विचार असेल तर तोही याच दारातून जातो. न्यासाच्या मूळ उद्दिष्टांत गरिबांचा निवारा बसतो का, हे न्यासपत्र काढून आजच वाचा. बसत नसेल तर आधी ते काम.

एवढं झालं की मला चार गोष्टी कळवा: सातबारावर जमीन शेतीची आहे की बिगरशेती, विकास आराखड्यात झोन कोणता, पोहोच रस्ता किती मीटर रुंद, आणि ज्या कुटुंबांसाठी हे करायचं त्यांतली तीस-चाळीस घरं आज नेमकं किती भाडं भरतात. शेवटचा आकडा अंदाजानं नको, घरोघरी जाऊन विचारा आणि अनामत किती दिली तेही लिहून घ्या. त्यावरून तक्ता मी करून देते.